पॅलेटची फळी न फोडता कशी सोडवायची

संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाण्याकडच्या भंगारवाल्यांकडे पॅलेट (कारखान्यात माल ठेवायची लाकडी फळ्यांची चौकट) मिळतं, पण पहारीनं उचकटायला गेलं की फळी टोकाला चिरतेच. खिळे पिळाचे असतात, लाकूड सोडत नाहीत. त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळलेली फळी. म्हणून खिळा उपटूच नका, कापा.

१. फळी आणि खालच्या ठोकळ्याच्या सांध्यात पटाशी हलकेच ठोकून दोन-तीन मिलिमीटर फट करा.

२. लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळा (फ्रेम लावू नका, फटीत जात नाही) आणि फटीतून खिळा कापा. हात भरून येतो, घाई नको. दोन्ही टोकं, मग मधला ठोकळा.

३. खिळ्याची डोकी फळीतच राहू द्या. शेल्फला किंवा कुंडीच्या स्टँडला ती शोभूनच दिसतात. रंधा मारायचा असेल तर मात्र मागून ठोकून काढा, नाहीतर पातं गेलंच.

घेण्याआधी ठोकळ्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, ते चालतं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते स्वस्तात दिलं तरी घरात आणू नका, चुलीत तर मुळीच घालू नका.