डाउनलोड स्पीडचा हिशेब: तक्रार नोंदवण्याआधी या चुका टाळा

कनेक्शन १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं. स्पीड टेस्ट दाखवते ९४.९, आणि मोठी फाइल उतरवताना विंडोज सांगतं सेकंदाला ११.३ एमबी. इथे बऱ्याच जणांचा पारा चढतो. पण हे तिन्ही आकडे एकाच वेगाचे आहेत आणि लाइन पूर्ण क्षमतेनं चालू आहे.

८ नं भागायचं राहून जातं

नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइलचा आकार बाइटमध्ये; एका बाइटचे ८ बिट. इंग्रजी लघुरूपात लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट. हा नियम जाहिरातींत सर्रास मोडला जातो, म्हणून अक्षरावर विसंबू नका. प्लॅन, राउटर, पोर्ट यांचा आकडा बिटचा आणि फाइल कॉपी किंवा डाउनलोडचा आकडा सहसा बाइटचा, असं धरून चाला.

ही चूक वेळेच्या अंदाजात फार महागात पडते. ५० जीबीचा बॅकअप १०० एमबीपीएसवर पाठवायचा आहे. ५०,००० भागिले १०० म्हणजे ५०० सेकंद, साडेआठ मिनिटांत काम फत्ते, असं वाटतं. प्रत्यक्षात ५० जीबी म्हणजे ४,००,००० मेगाबिट, म्हणजेच ४००० सेकंद. तास उलटून जातो.

१००० की १०२४?

नेटवर्कमध्ये किलो म्हणजे १००० आणि मेगा म्हणजे १० लाख. विंडोज मात्र फाइल १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरीही पुढे एमबीच लिहितं. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं १९९८ मध्ये या मापांना किबीबाइट, मेबीबाइट अशी स्वतंत्र नावं दिली. विंडोजनं ती स्वीकारली नाहीत. मॅक २००९ पासून फाइलचा आकार १००० च्या पटीत दाखवतो, त्यामुळे तीच फाइल दोन संगणकांवर वेगळ्या आकाराची दिसते. मेगाला हा फरक ४.९ टक्के, गिगाला ७.४ आणि टेराला जवळपास १०.

आता सुरुवातीचा हिशेब पुरा करू. १०,००,००,००० बिट भागिले ८ म्हणजे १,२५,००,००० बाइट. त्याला १०,४८,५७६ नं भागलं की ११.९२. उरलेली तूट पाकिटांच्या वेष्टनाची. फाइल छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जाते आणि प्रत्येकाला पत्ता वगैरे जोडलेला असतो: इथरनेटच्या, म्हणजे तारेच्या नेटवर्कच्या, तारेवरच्या दर १५३८ बाइटमागे तुमच्या फाइलचे फार तर १४६० असतात. म्हणून १०० चे ९४.९ होतात आणि ११.९२ चे ११.३.

खरा बिघाड कधी समजायचा

प्लॅन ३०० चा आहे आणि डाउनलोड तरीही ११.३ च्या वर जातच नाही, तर मात्र बिघाड आहे, आणि तो बहुधा घरातच आहे. गिगाबिट (१००० एमबीपीएस) इथरनेटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी तुटली की कनेक्शन बहुधा बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये लिंक स्पीड (जोडणीचा ठरलेला वेग) १००/१०० दिसते का पाहा. दिसली, तर केबलचा प्लग उजेडात धरा: आठही तारा टोकापर्यंत पोचलेल्या दिसायला हव्यात. शंका आली तर सरळ केबल बदला. तरीही फरक पडला नाही, तर राउटरचा किंवा मधल्या स्विचचा पोर्टच १०० चा असू शकतो.

प्रत्येक ठिकाणी ८ चालत नाही

५ गिगाबिटच्या यूएसबीला ८ नं भागून ६२५ एमबीची अपेक्षा धरू नका. तिथे दर ८ बिटांसाठी तारेवरून १० बिट जातात, म्हणून कमाल मर्यादा ५००. ६ गिगाबिटच्या साटा (संगणकातली डिस्क जोडायची पद्धत) डिस्कची ६०० असते ती याच कारणानं. पण १० गिगाबिटच्या यूएसबीची सांकेतिक पद्धत वेगळी, तिथे मर्यादा साधारण १२०० एमबीपर्यंत जाते.

वायफायची लिंक स्पीड कधीच ८ नं भागून वापरू नका. ८६६ एमबीपीएस हा हवेतला कच्चा वेग असतो. पाठवणं आणि घेणं एकाच चॅनेलवर आळीपाळीनं चालतं, शेजारची उपकरणंही त्यातच वाटेकरी. प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी चांगला. म्हणून तक्रार नोंदवायची असेल तर आधी तारेनं जोडून मोजा, आणि आकड्यासोबत एकक लिहा.