भाकरी फुगली तेव्हा

नोकरीसाठी पुण्यात खोली घेतली. रोज नवा व्हिडिओ बघून नवा पदार्थ करायचे, एकही धड जमेना. मग महिनाभर एकच धरलं: ज्वारीची भाकरी. कडा चिरायच्या, उचलताना मोडायची. आईला फोन केला. तिचं "अंदाजाने पाणी" मला कळेना, म्हणून तिलाच वाटीने मोजायला लावलं. एक वाटी पीठ, साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्याने येतो. पीठही ताजं हवं, जुन्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते. तळहाताने रगडून मळलं, थापली, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. उलटून शेवटी आचेवर धरली आणि टम्म फुगली! तेवढ्याने केवढा धीर आला. आता आमटी आणि भरलं वांगंही वहीत उतरवलंय, आईच्याच वाटीच्या मापाने.