ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलो, रॅम घेऊन आलो

कॉम्प्युटरवर गेम दर मिनिटाला अडखळायचा. बजेट बारा हजार. ग्रँट रोडला उतरून मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर गेलो, तर पहिल्याच दुकानात ऐकलं, "कार्डच बदला, साहेब." कार्ड घेतलं असतं तर खिसा रिकामा आणि अडखळणं तसंच.

घरी येऊन गेम चालू ठेवला आणि टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) बघितला. कार्ड जेमतेम ६० टक्के राबत होतं, ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, मात्र काठोकाठ. म्हणजे कार्ड बिचारं नुसतं वाट बघत बसलेलं! कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असतं तर गोष्ट वेगळी, मग दोष त्याचाच.

दुसऱ्या दिवशी आधीच्याच मॉडेलची ८ जीबीची डीडीआर४ (रॅमची एक पिढी) काडी आणली. मदरबोर्डचं मॅन्युअल बघून दोन्ही काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही काड्या एकाच वेळी डेटा पोचवतात. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डोकावलो तर ३२०० वेगाची रॅम २१३३वर रांगत होती. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारं सेटिंग, कधी चालूच केलं नव्हतं. (तीन वर्षं! कुणाला सांगू नका.)

अडखळणं गेलं. उरलेल्या पैशांत आधी चांगला पॉवर सप्लाय घेणार, कारण आत्ताचा बिननावाचा आहे आणि त्याच्या भरवशावर नवं कार्ड लावायची माझी छाती नाही.