चंद्र गेला तर घरात काय भरून ठेवायचं

मागच्या संकष्टीला नऊ वाजून गेले तरी नाशिकवरचे ढग काही हलेनात. आई गच्चीत खुर्ची टाकून बसलेली, खाली ताट झाकलेलं, मोदक गार होत चाललेले. तेवढ्यात आठवीतली भाची म्हणाली, "मामा, चंद्रच फुटला तर आजीने जेवायचं कधी?" आई म्हणाली, "आधी तू जेव, मग बघू." पण प्रश्न माझ्या डोक्यात अडकला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी करायला घेतली, तीच इथे नीट उतरवून काढतोय.

पहिल्यांदा एक ठरवून घ्या: चंद्र फुटलाय की नुसता नाहीसा झालाय? दोन्हींची तयारी वेगळी आहे.

फुटला असेल तर यादी फार लांबत नाही. चंद्राचे तुकडे परत एकत्र येणार नाहीत इतका तो फोडायचा, तर सूर्य चहूबाजूंना मिळून पाच मिनिटांत जेवढी ऊर्जा टाकतो त्याहून जास्त लागते. त्यामुळे हे काम कोण करणार, ही काळजी तूर्त बाजूला ठेवू. पण झालंच, तर माल किती आहे ते बघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांचा निकाल लावणारा दगड साधारण दहा किलोमीटरचा होता. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे तसल्या दगडांचे चार कोटींहून जास्त नग. सगळे आपल्याकडे येणार नाहीत. पुष्कळसे चंद्राच्याच वाटेवर फिरत राहतील, त्यांचं पुढे कडंही होईल, आणि ते पसरेपर्यंत समुद्राला भरती-ओहोटीही येत राहील, कारण वजन कुठे गेलेलं नाही. पण जे येतील ते सेकंदाला अकरा किलोमीटरच्या वेगाने येतील, वाटेत उपग्रह झोडपत. शेजारचे काका म्हणाले, पांडवलेण्यात जाऊन बसू. चोवीस लेणी आहेत, जागा होईल. दगडही चांगला, काळा बेसाल्ट, आणि गंमत म्हणजे चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. पण एवढा मारा झाला की वरची हवाच भट्टीसारखी तापते, लेण्यांना तर दारं नाहीत. तेव्हा फुटल्याच्या रकान्यात मी एकच ओळ लिहिली आहे: चंद्रोदयाची वाट न बघता मोदक गरम असताना खाऊन घ्या.

आता दुसरा प्रकार. तुकडे नाहीत, आवाज नाही, रात्री वर बघितलं तर चंद्र नाही. खरी तयारी याची करायची.

बॅटरी घ्या, चार्जिंगची, आणि सेलवाली एक जास्तीची. शहरात, कॉलेज रोडला राहणाऱ्याला आठवडाभर काही कळणारही नाही. मामेभावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, शेतीची वीज रात्रीची आली की तो मोटर चालू करायला निघतो. पौर्णिमेच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे तो बॅटरी खिशातच ठेवतो, बांध दिसतो म्हणतो. चंद्रानंतर आकाशात सगळ्यात तेजस्वी शुक्र, आणि पूर्ण चंद्र त्याच्या हजारपटीहून जास्त उजळ. त्यामुळे शुक्राच्या भरवशावर बांधावरून चालू नका. आकाशगंगा मात्र महिनाभर रोज दिसेल, ज्यांना हौस आहे त्यांनी जाड चादर काढून ठेवावी.

सगळ्यात मोठं काम कॅलेंडरचं. भिंतीवरचं कॅलेंडर रद्दीत घालू नका, मागच्या दोन-तीन वर्षांचीही शोधून ठेवा. पंचांगाची अंगं पाच: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. यातली चार चंद्र कुठे आहे त्यावर ठरतात. चंद्र गेला की शिल्लक राहतो एकटा वार. मकर संक्रांत वाचली, ती सूर्याची. गणपती, दसरा, दिवाळी, एकादश्या, सगळं अधांतरी. निवृत्तिनाथांची त्र्यंबकची यात्रा पौष वद्य एकादशीची, ती कधी भरवायची? आणि सिंहस्थाचं बघा. गुरू सिंह राशीत येतो तो येणारच, त्याला चंद्राशी देणंघेणं नाही, पण स्नानाचे दिवस तिथीवर आहेत. २०२७ चं पहिलं स्नान २ ऑगस्टला, सोमवती अमावास्येचं. त्याच दिवशी सूर्यग्रहणही आहे, इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास. चंद्र नसेल तर ग्रहण रद्द, आणि अमावास्या कशाची म्हणायची हा प्रश्न रामकुंडावर.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. शेवटची अमावास्या लिहून ठेवा, वेळेसकट. तिथून सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांनी पुढची, मग पुढची. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात, म्हणजे अधिक मास धरावाच लागेल, साधारण साडेबत्तीस महिन्यांनी. कर्ता माणूस सोडून गेलेल्या घरातसुद्धा हिशेबाची वही चालू राहते, तसंच हे. एक फायदाही सांगून टाकतो: आपल्याकडे रास चंद्रावरून धरतात आणि साडेसाती राशीवरून. चंद्र गेल्यानंतर जन्मलेल्या पोरांना रास नाही, म्हणजे साडेसातीही नाही.

पण कॅलेंडरवर पूर्ण विसंबू नका, कारण वर्षच बदलेल. हे मला स्वतःला हिशेब मांडेपर्यंत सुचलं नव्हतं. पृथ्वी आणि चंद्र एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच आहे, जमिनीखाली सुमारे १,७०० किलोमीटरवर. त्याच्याभोवती डुलताना पृथ्वीचा वेग ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे गंगापूर रोडवरची ॲक्टिव्हा. चंद्र अचानक सुटला की पृथ्वी त्या क्षणी जिकडे निघालेली असेल तो वेग तिच्या अंगावर कायमचा राहतो. पौर्णिमेला गेला तर सूर्याभोवतीच्या वेगातून तेवढा वजा होतो आणि वर्ष अकराएक तासांनी लहान होतं. अमावास्येला गेला तर तेवढंच मोठं, मग चार वर्षांत एक नाही, जवळजवळ तीन २९ फेब्रुवारी पाळावे लागतील. अष्टमीला गेला तर फारसा फरक नाही. म्हणून तो कोणत्या तिथीला गेला ते दारामागे खडूने लिहून ठेवा.

सुके बोंबील भरून ठेवा. हसू नका. समुद्र नाशिकपासून लांब, पण बाजारातला बोंबील डोल जाळ्यातला असतो, आणि डोल हे एका जागी रोवलेलं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीनेच भरतं. चंद्र गेल्यावर भरती उरते ती एकट्या सूर्याची, उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, जेमतेम एक तृतीयांश. उधाण नाही, भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) नाही, रोज तेवढीच आणि रोज त्याच वेळेला. आज ती दररोज पाऊणेक तास पुढे सरकते, म्हणून कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो तोंडी हिशेब मोडीत. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जायचं असेल तर आधीच जाऊन या, नंतर पाणी किती ओसरेल याचा भरवसा नाही. मुंबईत ऐन पावसात साडेचार मीटरवर चढणारी भरती मात्र उतरेल, तिकडचे नातेवाईक खूश होतील.

गोदावरीची चौकशी दोघातिघांनी केली. तिचा चंद्राशी संबंध नाही. आपण समुद्रापासून पाच-सहाशे मीटर उंचीवर. पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, हे गंगापूर धरणातून किती सोडलं त्यावर. तिथली पावसाळ्याची तयारी नेहमीसारखीच ठेवा.

पृथ्वीचा आस कलंडेल, नाशकात बर्फ पडेल, असं सांगणारे व्हिडिओ भाचीने दाखवले. आज कल २३.४ अंश आहे आणि चंद्र तो सांभाळून धरतो, हे खरं. चंद्र नसता तर तो ० ते ८५ अंशांत कुठेही भटकला असता, असं १९९३ मध्ये फ्रान्सच्या जाक लास्कार यांनी गणिताने दाखवलं. २०१२ च्या गणितात ती भटकंती पुष्कळ कमी निघाली. कसंही असलं तरी मामला लाखो-कोट्यवधी वर्षांचा. स्वेटर आताच काढू नका.

विक्रम लँडर मात्र गेला. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो उतरला, तेव्हा आमच्या मजल्यावर पेढे वाटले होते.

शेवटचं, गच्चीची किल्ली. आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्ची उघडायची तर आठवडाभर आधी सांगावं लागतं, गेल्या वेळी किल्लीच सापडेना, मसाला दूध जिन्यात प्यालो. चंद्र जायच्या आधी एक कोजागरी तरी नीट व्हावी म्हणून मी आजच किल्ली मागून घेतली. सोसायटीवाल्यांनी देताना वहीत सही घेतली आणि विचारलं, "परत कधी करणार?" मी म्हटलं, "चंद्र असेपर्यंत राहू द्या." त्यांनी रविवार लिहिलं.