काळ्या पडद्यावरचा पिवळट कोपरा

भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. “मामा, स्क्रीन गळतेय.” मला वाटलं, याने चहा सांडला. तसं नव्हतं. तीन दिवसांपूर्वी आलेल्या गेमिंग लॅपटॉपवर गेम लोड होताना पडदा काळा झाला आणि खाली डाव्या कोपऱ्यात त्याला पिवळट उजेड दिसला. मग खोलीतले दिवे बंद, ब्राइटनेस पूर्ण, मोबाइलने फोटो. फोटोत तर कोपऱ्यात सूर्यच उगवलेला. म्हटलं, आत्ता लोकमान्य नगरहून निघू नकोस. सकाळी रामबागेत ये, पोहे खा, मग बघू.

ही तपासणी अंधारात करायची असते हे मला पोह्यांवर जिरावण, आमचा इंदुरी मसाला, टाकताना आठवलं. शेवटी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत शिरलो. गणपतीचं मखर, आईचे पापडाचे डबे, खिडकी नाही. उत्तम जागा.

आधी हे काय असतं ते. एलसीडी पडदा स्वतः उजळत नाही. लॅपटॉपमध्ये बहुधा एका कडेला एलईडींची पट्टी असते, तिचा उजेड एका पारदर्शक पाटीतून सगळीकडे पसरतो आणि पुढचे द्रवस्फटिक तो हवा तिथे अडवतात. काळा रंग म्हणजे अडवलेला उजेड. दार लावलं तरी फटीतून थोडा येतो, तसा इथेही येतो. साध्या आयपीएस पॅनेलचा, म्हणजे एलसीडीच्याच एका प्रकारच्या पडद्याचा, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण) १०००:१ च्या आसपास, म्हणजे त्याचा काळा कधीच पुरता काळा नसतो. चौकटीचा दाब एखाद्या जागी जास्त पडला किंवा पातळ झाकण जरासं पिळलं गेलं, की तिथून उजेड जास्त निसटतो. याला म्हणायचं बॅकलाइट ब्लीड. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागचा दिवाच नसतो, त्यामुळे तिथे ही कटकट नाही.

आता तपासणी. लॅपटॉप अर्धा तास चालू ठेवा. पेंट या प्रोग्राममध्ये पूर्ण काळं चित्र करून ते पडदाभर उघडा, माउसचा बाण कडेला सारा. ब्राइटनेस रोज ठेवता तेवढाच ठेवा. भाच्याने १०० वर नेला होता, रोज तो ४० वर खेळतो. आपोआप ब्राइटनेस बदलणारी सेटिंग बंद करा. गेममध्ये अंधारातला शत्रू दिसावा म्हणून काळा रंग उजळवणारा मोड असतो, तोही बंद. मग समोर दोन हात अंतरावर बसा आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे, वर-खाली न्या. उजेड तुमच्याबरोबर सरकला, कोनानुसार कमी-जास्त झाला, तर तो आयपीएस ग्लो. तो दोष नव्हे, पॅनेलचा स्वभाव आहे. लॅपटॉप बदलून दिला तरी नव्यातही असणारच. जागेवरून हलत नाही तो ब्लीड.

काळ्या चित्रावर उजवीकडेही दोन डाग दिसत होते. भाच्याने मान हलवली आणि ते विरघळले. डावीकडचा मात्र तिथेच, अर्ध्या लिंबाच्या फोडीएवढा. मी झाकणाची खालची कड दोन बोटांत अलगद धरून केसभर वळवली, तर तो आकसला. म्हणजे चौकटीचा दाब. एवढं कळलं की हात काढून घ्यायचा.

हे मी शहाणपणातून नव्हे, पस्तावून सांगतोय. माझ्या आधीच्या लॅपटॉपला असाच डाग होता. कुठेतरी वाचलं होतं की मऊ कापडाने गोल गोल चोळलं की जातो. मी अंगठ्याने चोळलं, नेट लावून. डाग गेला नाही, शेजारी एक पांढरा ठिपका मात्र कायमचा आला. आतले प्रकाश पसरवणारे पापुद्रे दबले. जेल रोडवरच्या कारागिराने बघून एवढंच म्हटलं, “भिया, अब पैनल ही बदलेगा.” बेझल, म्हणजे पडद्याभोवतीची चौकट, उघडून स्क्रू सैल करणं हा उपाय वॉरंटी संपलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी ठीक. हल्ली पुष्कळ पॅनेलं चिकटपट्टीवर बसवलेली असतात, सैल करायला स्क्रूच नसतात.

बदलून मागायचा का? माझी कसोटी साधी आहे. खोलीत दिवा चालू, नेहमीचा ब्राइटनेस, रात्रीचा प्रसंग असलेला गेम अर्धा तास खेळा. नजर पुन्हापुन्हा कोपऱ्याकडे जात असेल तर मागा, आणि बिलावरच्या मुदतीतच मागा. नंतर वॉरंटीच्या दारात “इतकं चालतं” हे उत्तर ठरलेलं. फोटो काढताना मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) खाली ओढा, फोटो डोळ्यांना दिसतं तसा दिसेपर्यंत. सूर्य उगवलेला फोटो तिकडे कोणी गंभीरपणे घेत नाही. सीरियल नंबरसकट एक सलग व्हिडिओही ठेवा. टोलवाटोलवी झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

ठेवायचाच असेल तर लॅपटॉपमागच्या भिंतीवर मंद दिवा लावा. डोळ्याला काळा जास्त काळा वाटतो आणि डाग बुजतो. झाकण कोपऱ्याला धरून नव्हे, मधोमध धरून उघडा, म्हणजे ते पिळलं जात नाही.

रात्री भाच्याने दिवा लावून खेळून पाहिलं आणि लॅपटॉप ठेवला. दुसऱ्या दिवशी दाखवायला आला, जाताना बॅगेत लॅपटॉप सरकवला, त्याच्या झाकणावरच तो विटेएवढा अडॅप्टर कोंबला, चेन ओढली आणि स्कूटर सुरू केली. मी जिन्यातूनच ओरडलो, “अरे, तो वेगळ्या कप्प्यात!”