अशक्त वासराला चीक आधी, वार पडो न पडो

आमच्या संगमनेरकडे अजून कितीतरी गोठ्यांत गाय व्याली की वार (गर्भाभोवतीची जार) पडल्याशिवाय चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, काढत नाहीत. धडधाकट वासरू त्यातूनही तगतं, अशक्त मात्र हातचं जातं. वार पडायला आठ-बारा तासही लागतात. तेवढ्यात वासराच्या आतड्याची चिकातली रोगप्रतिकारशक्ती रक्तात ओढून घ्यायची ताकद ओसरत जाते आणि चोवीस तासांत संपतेच. पोटात असताना ही शक्ती गाईकडून त्याला मिळालेली नसते. पिळल्यानं वार अडकत नाही, उलट कासेला हात लागला की ती सुटायला मदतच होते. त्यामुळे सासूबाई काहीही म्हणोत, पहिली धार दोन तासांच्या आत वासराच्या पोटात गेली पाहिजे.

त्याआधी श्वास. नाका-तोंडातला चिकटा बोटांनी काढा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा म्हणजे शिंक येते. वासराला उलटं टांगून ठेवू नका. छातीवर, पाय पोटाखाली घेऊन बसवा, दोन्ही फुप्फुसं मोकळी राहतात. गाय चाटत असेल तर चाटू द्या, नाहीतर कोरड्या गोणपाटानं खसाखसा पुसा. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा. नुसता बोळा फिरवून भागत नाही.

आता धुतलेलं बोट वासराच्या तोंडात घाला. तोंड उबदार आणि जीभ बोटाला ओढत असेल तर बाटली लावा. तोंड गार लागलं आणि जीभ लुळी पडली असेल तर आधी ऊब द्या: खाली वाळलेला पाचट, अंगावर पोतं, दोन्ही बाजूंना फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या. थर्मामीटर शंभर फॅरनहाइटच्या वर आला की पुन्हा बोट घालून बघा. तरीही ओढत नसेल तर नळकांड्यानं ओतू नका. चीक फुप्फुसात उतरतो आणि वासरू ठसक्यानं नाही तर न्यूमोनियानं जातं. डॉक्टरांना बोलवा, ते नळी थेट पोटात घालून पाजतात.

पंचवीस किलोच्या संकरित वासराला दिवसभरात अडीच लिटर चीक लागतो. अशक्ताला एकदम लिटरभर झेपत नाही, म्हणून अडीच लिटर पुरे होईपर्यंत अर्धा-अर्धा लिटर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना मान गाय पाजते तशीच, हनुवटी जराशी वर. उठत नसेल तर दोन-दोन तासांनी कूस बदला.

गाईला चीकच नसेल तर? म्हणून दुसरी एखादी निरोगी गाय विते तेव्हा तिच्या पहिल्या धारेचा लिटरभर चीक स्वच्छ बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. घरातली पोरं खरवसासाठी हट्ट धरतात, त्यांना उरलेल्यातून द्या. वितळवायचा तो कोमट पाण्यात बाटली ठेवून. गॅसवर ठेवलात तर खरवसासारखा घट्ट होईल आणि त्यातली शक्तीही जाईल.