वॉकीटॉकीची फ्रिक्वेन्सी तपासताना

गळीत हंगाम तोंडावर आला की साताऱ्यात माझ्या टेबलावर साखर कारखान्यांच्या वॉकीटॉकींची रांग लागते. तक्रार ठरलेली: "आवाज फाटतोय, फ्रिक्वेन्सी हललीय, जरा जुळवून द्या." बऱ्याचदा दोष मरत आलेल्या बॅटरीत नाहीतर ढिल्या अँटेनात सापडतो. तरी काउंटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी मोजणारं यंत्र, लावायचाच, शंका फिटते. मात्र स्क्रूड्रायव्हर खिशातच राहू द्या. काउंटरची खात्री पटल्याशिवाय सेटच्या ट्रिमरला (फ्रिक्वेन्सी जुळवायच्या बारीक स्क्रूला) हात लावायचा नाही.

सेटची अँटेना काढून तिथं 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे सेटची पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर, लावा. सेटचं आउटपुट थेट काउंटरच्या सॉकेटात कधीही घालू नका. 5 वॅटचा सेट 50 ओहमवर जवळजवळ 16 व्होल्ट आरएमएस देतो आणि काउंटरच्या व्हीएचएफ-यूएचएफ इनपुटला एवढे झेपत नाहीत. किती चालतात ते बहुधा सॉकेटशेजारीच छापलेलं असतं. आतला प्रीस्केलर आयसी (मोजण्याआधी फ्रिक्वेन्सी भागून कमी करणारा) गेला तर धूर निघत नाही की आवाज होत नाही; काउंटर गुपचूप बहिरा होतो.

डमी लोडच्या आसपास जी थोडी गळती असते, ती काउंटरला पुरते. सेट लो पॉवरवर ठेवा, काउंटरला आखूड रबरी अँटेना लावा आणि तो वीतभर अंतरावर ठेवा. आकडा नाचत असेल तर थोडा जवळ घ्या. दुप्पट आकडा दिसला तर लांब न्या. काउंटर दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुपटीवरचा सिग्नल, मोजतोय. वायरनंच जोडायचं तर 40 डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) हवा, आणि तो सेटची पॉवर सोसणारा हवा. बोटाएवढे स्वस्त ॲटेन्युएटर बरेचदा 2 वॅटचेच असतात.

पीटीटी (बोलायचं बटण) न दाबता आकडे पळताना दिसले तर दचकू नका. संवेदनशील काउंटर रिकामा असला की मनाला येईल ते दाखवतो. त्यात माझ्या खिडकीसमोर अजिंक्यताऱ्यावरचे टॉवर. लांब अँटेना लावली तर काउंटर सेट सोडून तिकडचंच मोजायला बघतो. पीटीटी दाबल्यावर जो आकडा थांबतो आणि सोडल्यावर निसटतो, तो तुमच्या सेटचा.

काउंटर अर्धा तास तापू द्या, गेट टाइम (एका मोजणीचा वेळ) 1 सेकंद ठेवा. मोजताना "हॅलो, हॅलो" म्हणायचं नाही! हे दहादा सांगूनही लोक बोलतातच. एफएममध्ये आवाजानं कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, हलतो, म्हणून सीटीसीएसएस टोनही (बोलण्याखाली सतत जाणारा बारीक सूर) बंद करा. डीएमआर, म्हणजे डिजिटल, सेट तुकड्यातुकड्यांनी प्रसारण करतो, त्याला ॲनालॉग चॅनलवर घ्या. हॅम (हौशी रेडिओ) लोकांचा एसएसबी सेट असेल तर सीडब्ल्यूवर (मोर्सच्या मोडवर). एसएसबीत न बोलता मोजायला कॅरिअरच नसतो.

आता काउंटरची परीक्षा. जीपीएसशी बांधलेला 10 मेगाहर्ट्झचा स्रोत कुणाकडून तरी मिळवा. समजा काउंटरनं 10.000012 दाखवलं, म्हणजे तो 1.2 पीपीएम (दहा लाखांत 1.2) जास्त सांगतो. त्याच काउंटरवर 145.500 चा सेट 145.500262 दिसला, तर जादाच्या 262 हर्ट्झपैकी 175 हर्ट्झ (145.5 मेगाहर्ट्झचे 1.2 पीपीएम) काउंटरचे आणि उरलेले 87 सेटचे, म्हणजे 0.6 पीपीएम. सेटची मर्यादा 2.5 पीपीएम असेल तर 364 हर्ट्झपर्यंत चालतं. हा सेट उत्तम आहे, त्याला हात लावू नका. ही वजाबाकी न करता ट्रिमर फिरवला असता, तर काउंटरची चूक सेटमध्ये गेली असती.

खरंच मर्यादेबाहेर असेल तर जुन्या सेटला ट्रिमर असतो, नव्यात सॉफ्टवेअरमधून जुळवणी. आधी सेटमधलं प्रोग्रॅमिंग वाचून जपून ठेवा. आणि फरक 12.5 किलोहर्ट्झसारखा गोल निघाला तर क्रिस्टलला (सेटमधली फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या भागाला) दोष देऊ नका. चॅनलच चुकीचा भरलाय. ताडून पाहायचं ते कारखान्याच्या परवान्यावरच्या फ्रिक्वेन्सीशी, सेटवर चिकटवलेल्या चिठ्ठीशी नव्हे. ती चिठ्ठी कधीची आहे हे चिकटवणाऱ्यालाही आठवत नसतं.